चिखल वाळेपर्यंत

पोळा जवळ आला की माझे पाय जड होतात. वयामुळे नाही, वयाचं जडपण आता बारमाही झालं आहे. हे वेगळं. श्रावण सरत आला, कापसाची पऱ्हाटी कमरेएवढी झाली, हवेत ओल्या जमिनीचा आंबूस वास दाटला, की मी डांबरी रस्त्यावरून चालतानाही पाय उचलून उचलून टाकतो. बघणाऱ्यांना वाटतं म्हातारबुवांना संधिवात झाला. त्यांना काय सांगणार, की मी एका जुन्या चिखलातून चालतो आहे!

अल्लीपूरपासून आमच्या गावापर्यंत आता मोटार सरळ जाते. पण माझ्या तरुणपणी पावसाळा बसला की गावाचं बेट व्हायचं. आमची काळी माती मोठी प्रेमळ. एकदा धरलं की सोडत नाही. बैलगाडीचं चाक दहा हात गेलं की त्यावर मातीचा दुसरा तेवढाच जाड थर चढायचा, मग बैल थांबायचे, मग गाडीवान बैलांच्या आईबापांचा उद्धार करायचा. माझी एक चप्पल श्रावणात बांधावर रुतली, ती पुढं उन्हाळ्यात नांगराला लागली. बाबांनी ती सगळ्यांना दाखवली. म्हणाले, "बबन्यानं पेरलेलं एवढंच उगवलं."

बाबांचं माझ्याबद्दलचं मत साधारण असं होतं आणि ते चुकीचं नव्हतं.

ज्या सालाबद्दल मी बोलतो आहे, ते स्वातंत्र्यानंतर मालगुजाऱ्या गेल्या त्याच्या जवळपासचं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी दोन माणसं परत आली. मी नागपूरहून इंटर नापास होऊन आलो, आणि माझी मोठी बहीण, इंदूताई, कुंकू पुसून आली. तिचा नवरा तापानं गेला होता. लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती. आई आमच्या लहानपणीच गेलेली. घरात बाबा, मी, ताई आणि बैल. माझं परत येणं गावानं चवीनं चघळलं. तिच्या परत येण्यावर कोणी बोलेना. लोक ओसरीवर येत, तंबाखू मळत, पाऊसपाण्याचं बोलत आणि आतल्या खोलीच्या दाराकडे न बघता उठून जात.

तिचं सासर जाम गावाच्या पुढं, सडक सोडून चार कोस आत. सासू अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरी बाई नाही, आणि सासरे असे की त्यांच्या आवाजानं गाय पान्हा चोरायची. ताईनं तिथलं काही सांगितलं नाही. पण ती आली तेव्हा तिच्या हातांना घट्टे होते आणि कुणी मागून चाललं की ती दचकायची. बाबांनी ते पाहिलं. सासरच्यांनी तिला पंधरा दिवसांसाठी पाठवलं होतं. पंधरा दिवस झाले, आणि देवाच्या दयेनं पाऊस लागला.

तिचा दीर आषाढात एकदा चिखल तुडवत आला. गुडघ्यापर्यंत काळा, डोक्यावर पांढरी टोपी; थेट बगळाच. ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "मंग मामाजी, वहिनीले केव्हा पाठवता? बुढीचे लय हाल होऊन राह्यले."

बाबा बाहेर बघत म्हणाले, "पाठवतो ना जी. पन गाडी कुठून नेऊ? बैल पोटापर्यंत रुतते. चिखल वाळू द्या."

"केव्हा वाळन?"

"आता ते का आपल्या हाती हाये, पाव्हने?"

दीर निघून गेला. बाबांनी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आता कुणी विचारील, पोरीला पाठवायचं नव्हतं तर तसं तोंडावर सांगायचं. आज हे सोपं वाटतं. त्या काळी विधवा सून सासरची. बापानं 'नाही' म्हणणं म्हणजे चार गावांनी त्याच्याकडे पाठ फिरवणं, आणि वर पोरीच्याच नावानं कुजबुज. बाबांना 'नाही' म्हणायची छाती नव्हती, म्हणून ते 'चिखल' म्हणायचे. आभाळ भरून आलं की त्यांचा चेहरा उजळायचा. इतर शेतकरी उघाडीची वाट बघत होते, तण माजत होतं, आणि आमचे बाबा ओसरीवर बसून जास्तीच्या पावसाकडे समाधानानं बघत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

मला तेव्हा पुष्कळ काही वाटायचं. त्यातलंच एक म्हणजे आपल्याला जीप दुरुस्त करता येईल.

ही जीप लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून बाबांनी आणली होती. हिरवी, उघडी, स्टेअरिंग डाव्या हाताला. घ्यायला गेले होते ताडपत्री. ताडपत्री जीपवर घातलेली होती, तेव्हा जीपही घेऊन आले. गावातल्या बैलांनी तिला पाहून दावी तोडली. बाबा तुरीच्या मोकळ्या वावरात ती चालवायला शिकले आणि मग त्यांनी आम्हा दोघांना शिकवायचं ठरवलं. मी पहिल्याच फेरीत शेणाच्या उकिरड्यात घुसलो. उकिरडा मऊ होता म्हणून वाचलो. वास मात्र दिवाळीपर्यंत गेला नाही. ताईनं पदर खोचला, दोन वेण्या मागं टाकल्या आणि गाडी अशी वळवली, की जणू पदराचं टोक खांद्यावर टाकते आहे. बाबा टाळ्या वाजवत शेताच्या धुऱ्यावरून ओरडले, "पोट्टी चालवते अन् पोट्टा ढकलते!" गावानं तोंडात बोटं घातली. बाबांनी ती तशीच घालू दिली.

ताईचं लग्न झालं आणि बाबांनी जीपला हात लावला नाही. ती टिनाच्या छपराखाली उभी राहिली. मागच्या सीटवर कोंबडी खुडुक बसली, तारा उंदरांनी कुरतडल्या, चाकांतली हवा हळूहळू निघून गेली आणि गाडी गुडघे टेकून बसल्यासारखी दिसू लागली.

श्रावणाच्या सुरवातीला मी कोंबडीला उठवलं. मनात असं, की ताई दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसते; गाडी सुरू झाली तर बाहेर येईल. आणि दुसरं, जे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं: नापास पोरानं गावाला काहीतरी करून दाखवायचं होतं.

इंजिन जाम होतं. हँडल मारलं तर हँडल फिरायचं नाही, मीच फिरायचो. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये फिटर असलेले सदोबा तेव्हा सुटीवर गावी आलेले. त्यांचा आयुष्यभराचा संबंध वाफेच्या इंजिनाशी. पेट्रोलच्या इंजिनाकडे ते जावयाकडे बघावं तसं बघायचे, आदरानं पण अविश्वासानं. त्यांनी बॉनेट उघडलं, नाक खुपसलं आणि निदान केलं, "गंजली. प्लग काढून आतमंदी तेल पाज अन् राहू दे."

"कोणतं तेल, सदोबा?"

"अबे, बैल थकला की काय पाजतो?"

"जवसाचं."

"मंग? हे का बैलापेक्षा नाजूक हाये?"

मला ते इतकं पटलं, की मी बैलांना औषध पाजायची बांबूची नळी आणली आणि चारही भोकांतून घाण्याचं ताजं जवसाचं तेल इंजिनाला पाजलं. वर पाठीवरून हात फिरवला तो वेगळाच. आता जवसाचं तेल हवेवर राहिलं की वाळून चामड्यासारखं होतं, दारं-खिडक्या रंगवणारे ते त्यासाठीच वापरतात, हे आमच्या दोघांच्याही गावी नव्हतं. दिवसामागून दिवस गेले. प्लगची भोकं उघडीच होती. हँडल घातलं तर इंजिन आधी नुसतं अडलेलं होतं, ते आता चिकटून एकजीव झालं होतं. भोकात बोट घातलं तर तपकिरी डिंकाची तार निघाली.

मी ती तार धरून उभा होतो आणि मागून आवाज आला. फुटल्यासारखा, अडखळत. आधी वाटलं कोंबडी परत आली. वळून पाहिलं तर ताई दारात उभी राहून हसत होती. पदर तोंडात कोंबून, भिंतीला धरून. "अरे मायबाप," ती म्हणाली, "बबन्या, तू त्याचे लाडू करून राह्यला का?"

त्या उन्हाळ्यानंतर ती पहिल्यांदा हसली. तुम्हाला खोटं वाटेल, पण आयुष्यात पुढं मला जी काही किरकोळ यशं मिळाली, त्या सगळ्यांपेक्षा मला त्या चुकीचा अभिमान वाटतो.

त्यानंतर ती रोज छपराखाली येऊ लागली. पाने-पक्कड हातात द्यायची, रॉकेल गरम करून आणायची, मी चुकीचा नट फिरवला की "हं" एवढंच म्हणायची. गरम रॉकेलनं तो डिंक हळूहळू सुटला. मग चाकांत हवा भरली, गियर टाकून जीपला बैल जुंपले आणि वावरभर ओढली. चाकं आधी नुसती घसरली, मग कुठंतरी आत खाडकन् आवाज झाला आणि इंजिन फिरलं. ताईनं टाळी वाजवली. बाबा ओसरीवर उभे होते. ते आत निघून गेले.

मी हिंगणघाटला जाऊन बॅटरी भरून आणली. तारा जोडल्या. डिस्ट्रिब्यूटरमधला रोटर, अंगठ्याएवढं ते काळं बोंडुक, पुसून जागेवर बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करायची, तर ठिणगीच नाही. झाकण उघडलं. रोटर गायब.

"बाबा, इथला रोटर पाह्यला का?"

"मले काय मालूम? उंदरानं नेला असन."

"उंदीर झाकणाचे खटके उघडते का?"

"भादवा लागून राह्यला. गनपतीचा उंदीर असन, शिकलेला," बाबा म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

मी सारं छप्पर उचकलं. बिळांत काठ्या घातल्या. ताई पायरीवर बसून बघत होती. ती बाबांकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे.

पोळ्याच्या दिवशी बैलांच्या साजाची लाकडी पेटी काढायचं काम माझं. वर्षातून एकदाच उघडणारी ती पेटी. झुली, घुंगरमाळा, कवड्यांचे पट्टे, शिंगांचे गोंडे, आणि त्या साऱ्याला मागल्या पोळ्याचा घामाचा, हिंगुळाचा वास. झूल झटकली आणि लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी पायावर पडलं. मी गाठ सोडली आणि अंगणात नाचत सुटलो. "सापडला! बाबा, रोटर सापडला! उंदरानं बैलाच्या पेटीत ठेवला, फडक्यात बांधून!"

बाबा बैलाच्या शिंगाला रंग देत होते. हात थांबला. मग शिंगावरचा ओघळ त्यांनी बोटानं पुसला.

"लय हुशार उंदीर हाये," एवढंच म्हणाले.

लाल फडक्याला उंदीर गाठ मारतो, यावर विश्वास ठेवणारा माणूस इंटरला नापास होणार नाही तर काय होणार?

त्या संध्याकाळी जीप सुरू झाली. आधी खोकली, मग निळा धूर ओकला. त्या धुराला जवस तळल्याचा वास होता. बैलांच्या रांगेमागून मी ती तोरणाखाली नेली. बैल बिथरले, म्हाताऱ्यांनी शिव्या घातल्या, पोरांनी पुढच्या दिव्यांवर गोंडे बांधले. आमच्याकडे पोळ्याला झडत्या म्हणायची रीत. कुणीतरी लगेच उभ्या उभ्या रचली,

"बबन्याच्या गाडीले ना शिंग ना शेपूट,
डबाभर पेट्रोल पिते अन् चालते चार फूट!"

मला चेव चढला. मी पुढच्या चाकांचा दांडा ओढला आणि गावाबाहेरच्या दलदलीच्या खारीत गाडी घातली, जिथं श्रावणात म्हैसही जात नाही. चारही चाकं एकदम खेचू लागली. चिखल दोन्ही अंगांनी कारंज्यासारखा उडाला आणि जीप पलीकडे निघाली. मग परत. मग पुन्हा. सारा पोळा ओरडत होता. बाबा तोरणाजवळ उभे होते, हातात बैलाचा कासरा, आणि बैल कधीच घरी निघून गेलेला.

अशी बातमी चिखलात रुतत नाही. थोड्याच दिवसांत दीर आला. या वेळी त्याचे पाय फारसे मळले नव्हते. घाईनं, बांधाबांधानं आला असावा. म्हणाला, "गाडी चालू झाली मनते?"

आणि मी, बाबांनी तोंड उघडायच्या आत, म्हणालो, "चालू? बसा तर खरं, भाऊजी!" त्याला बसवलं. त्याच खारीतून नेलं. दांडा कसा ओढायचा ते दाखवलं. "आता आमाले चिखलगिखल काही नाई," मी म्हणालो. "जामच काय, चांद्यापर्यंत नेतो."

परत आलो तेव्हा दीर ओसरीवर टेकलाही नाही. उभ्या उभ्याच बोलला, "मंग जमलं ना, मामाजी. घट बसाच्या आधी पाठवा वहिनीले."

बाबांनी आभाळाकडे पाहिलं. निरभ्र होतं, आणि तसंही आता त्याचा उपयोग नव्हता. ते म्हणाले, "हाव." मी त्यांच्या तोंडून ऐकलेला तो सर्वात लहान शब्द.

तेव्हा मला कळलं. म्हणजे सगळं एकदम कळलं. पाऊस, उंदीर, लाल फडकं. कळायला मला असाच वेळ लागतो. मी छपराखाली गेलो आणि रोटर काढून विहिरीत टाकायला निघालो. बाबांनी वाटेत मनगट धरलं. "राहू दे," म्हणाले. "आता त्याहीनं पाह्यली ना." माणसाला एकदा दिसलेलं पुन्हा न दिसतं करता येत नाही, असं काहीसं त्यांना म्हणायचं असावं. ते इतकं लांबलचक कधी बोलत नसत.

पुढल्या साली पोळ्याला मी ताईला आणायला गेलो होतो, ते इथंच सांगून टाकतो, नंतर सांगवणार नाही. पावसानं नाल्याची उतरण वाहून गेली होती, म्हणून गाडी जामलाच ठेवावी लागली आणि मी चालत गेलो. सासरे दारातच म्हणाले, "एवढ्या चिखलात बाईमानसाले कुठी नेता? वाळला की आमीच पाठवतो." मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. ते थट्टा करत नव्हते. ताई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, दारापर्यंत. त्यानंतर ती माहेरी राहायला आली नाही. बाबा गेले तेव्हा आली, दुपारी आली आणि दिवस मावळायच्या आत गेली.

बाबांनी जीप विकली ती त्या सालच्या कापसानंतर. मला विचारलं नाही. आणि त्यांना कधी पुन्हा पावसाकडे बघत बसलेलं मी पाहिलं नाही.

ताई सासरी निघाली त्या दिवशी ऊन पडलं होतं. पऱ्हाटीला पहिली फुलं, पिवळी. बाबा पहाटेच शेतात निघून गेले, चिखलातून, पायी. ताई थोडी थांबली, मग उंबऱ्याला हात लावून बाहेर आली. मी जीप हिंगणघाटपर्यंत चालवली, पुढं जामपर्यंत चालवली. जामच्या फाट्यावर ट्रकवाले चहा पीत होते. मी म्हटलं, चहा घेते का? ती नको म्हणाली. सडक सोडून आत वळलो आणि पहिल्याच नाल्यात मी गाडी तिरपी घातली.

"सरक," ताई म्हणाली.

तिनं लुगडं खोचलं आणि स्टेअरिंगवर बसली. मी आजवर पुष्कळ गाड्यांत बसलो. कुणी गाडी अशी चालवताना पाहिलं नाही. ती चिखलाशी भांडत नव्हती. जिथं माती काळी चकचकीत, तिथून बाजूला घ्यायची. जिथं गवत, तिथं सोडून द्यायची. वाऱ्यानं पदर डोक्यावरून मागं पडला होता आणि तिनं तो वर घेतला नाही. बावीस वर्षांची होती ती. मला वाटलं, अशीच चालवत राहिली, ते गाव सोडून पुढं निघून गेली, तर? पण मी ते बोललो नाही. नको तिथं बोललो होतो, हवं तिथं नाही.

मी फक्त एवढं विचारलं, "रोटर बाबांनी लपवला, तुले मालूम होतं?"

"हाव."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

तिनं एक खड्डा चुकवला. "तू नाचून राह्यला होता ना," ती म्हणाली. "नापास होऊन आला तेव्हापासून तुले मी तसं पाह्यलंच नव्हतं. माह्यानं नाई बोलवलं."

चाकांखाली चिखल फसफसत होता. बाभळींवर सुगरणींची घरटी हलत होती. चार कोस इतके लवकर संपतात, हे मला माहीत नव्हतं.

गावाच्या अलीकडे, पांदण वळते तिथं, तिनं गाडी थांबवली. खाली उतरली, गवताला पाय पुसले, लुगडं सोडून सारखं केलं. मग दुसऱ्या बाजूनं येऊन बसली आणि पदर डोक्यावरून असा पुढं ओढला, की मला तिचं फक्त नाकाचं टोक दिसत होतं. मी स्टेअरिंगवर सरकलो. सीट अजून गरम होती.

"चाल," ती म्हणाली.

मी गियरमध्येच स्टार्टर मारला. गाडीनं पुढं आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा मारला, पुन्हा आचका. मग मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. समोर कौलं दिसत होती, धूर निघत होता, कुणाच्या तरी घरी जातं फिरत होतं. आम्ही दोघं तसेच बसलो, बंद गाडीत, आणि मला वाटलं, ही आता नाहीच सुरू व्हायची.

"क्लच दाब, येड्या," पदराच्या आतून ती हळूच म्हणाली.

मी दाबला.